फुटेज कोण बघतंय, ते आधी विचार

वाचकाचं पत्र (थोडं कमी करून देतेय):

"ताई नमस्कार. मी ३४ वर्षांची, पिंपळे सौदागरला राहते, हिंजवडीत नोकरी. आमची सोसायटी दोनशे फ्लॅटची आहे. गेल्या दिवाळीत दोन घरफोड्या झाल्या आणि गेटसमोरच एका काकूंचं मंगळसूत्र ओढून नेलं, मग कमिटीने ६४ कॅमेरे बसवले. मीटिंगमध्ये मीपण हात वर केला होता. फेब्रुवारीत माझे सासरे, त्यांना आता विसरायला होतं, पहाटे कोणाला न सांगता बाहेर पडले. मागच्या गेटने गेले हे कॅमेऱ्यामुळेच कळलं आणि अर्ध्या तासात सापडले. पण एप्रिलमध्ये एकदा शिफ्ट लांबली, कॅब आली नाही, टीममधल्या मुलाने त्याच्या गाडीने सोडलं, रात्री पाऊण वाजला होता. दुसऱ्या दिवशी कमिटीतले एक काका सासूबाईंना लिफ्टपाशी गाठून म्हणाले, सूनबाईंना काल कोण सोडायला आलं होतं, मोबाईलवर कॅमेरा बघत होतो तेव्हा दिसलं, म्हटलं कानावर घालावं. सासूबाई मला काही बोलल्या नाहीत पण तेव्हापासून घरात विचित्र शांतता आहे. आता कमिटी गेटवर चेहरा ओळखणारं मशीन आणणार, कामाला येणाऱ्या ताईंचे आधार आणि चेहरे घेणार. समोरच्या फ्लॅटने दारावर कॅमेरा लावलाय तो थेट आमच्या दारावर आहे. ग्रुपवर मी विचारलं तर उत्तर आलं, लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरायचं कशाला. नवरा म्हणतो सोड ना, कशाला वाकडं घ्यायचं. ज्या कॅमेऱ्यामुळे सासरे सापडले त्याच्याच विरोधात बोलायला मला लाज वाटते. मी चुकतेय का?"

अगं, तू अजिबात चुकत नाहीयेस. तुला तू म्हणते, माझी धाकटी तुझ्याच वयाची आहे. आणि लाज तुला कशाची, लाज त्या काकांना वाटायला हवी. ते कॅमेरे तुम्ही सगळ्यांनी मेंटेनन्सच्या पैशातून चोरासाठी बसवले होते आणि त्या माणसाने रात्री पाऊण वाजता स्वतःच्या घरी बसून त्यातून तुला बघितलं, कोण सोडायला आलं ते बघितलं, आणि ते तुला न विचारता तुझ्या सासूला जाऊन सांगितलं. सासरे हरवले तेव्हा जे झालं ते अगदी वेगळं होतं. तुम्ही मागितलंत, माणूस हरवला होता, ठरावीक वेळेचं फुटेज काढून बघितलं आणि काम झालं. दोन्ही वेळी कॅमेरे तेच होते. फेब्रुवारीत बघायला कारण होतं आणि तुमचा होकार होता, एप्रिलमध्ये यातलं काहीच नव्हतं. मी पुढे जे काही लिहितेय ते सगळं एवढ्या एकाच गोष्टीबद्दल आहे, म्हणून कॅमेऱ्याच्या विरोधात बोलायचंय असं तू मनातून काढूनच टाक, तुला कॅमेऱ्याच्या विरोधात काही बोलायचंच नाहीये.

आधी हेही सांगते की कॅमेरे हवेत म्हणणाऱ्यांची भीती खोटी नाही. मी पुण्यातच वाढले. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये नाईट शिफ्टला निघालेल्या एका मुलीला तिच्या कंपनीच्याच कॅबचा ड्रायव्हर आणि त्याचा साथीदार यांनी गहुंजेकडे नेऊन मारलं, तेव्हा माझी मोठी मुलगी नुकतीच नोकरीला लागली होती आणि ती घरी येईपर्यंत मी गॅलरीत उभी असायचे. १३ फेब्रुवारी २०१० ला, शनिवारी संध्याकाळी, कोरेगाव पार्कात जर्मन बेकरीत स्फोट झाला, १७ माणसं गेली. २०१२ च्या १ ऑगस्टला जंगली महाराज रोडवर. तेव्हा कॅमेरे का नाहीत म्हणून आपणच ओरडत होतो. मुंबईत तर २६/११ नंतर रस्त्यांवर कॅमेरे लावायचं ठरलं आणि ते काम उभं राहायला २०१६ उजाडलं, त्या आठ वर्षांत लोकांनी सरकारला किती बोल लावले ते आठवतंय मला. त्यामुळे ज्या काकूंचं मंगळसूत्र गेलं त्यांना जाऊन प्रायव्हसीवर भाषण देऊ नकोस, त्यांची भीती खरी आहे आणि मीटिंगमध्ये तुला त्या तुझ्या बाजूने लागणार आहेत.

आता ते 'लपवण्यासारखं काही नसेल तर'. हे वाक्य बोलणाऱ्याला विचार की तुमच्या घरी पगाराची स्लिप, डॉक्टरचे रिपोर्ट, मुलीच्या स्थळाचं चाललंय ते सगळं लिफ्टपाशी लावाल का. नाही लावणार, आणि त्यात लपवण्यासारखं वाईट काही नसतं, ते फक्त इतरांचं नसतं, बस.

काही ज्येष्ठ मंडळी असंही म्हणतील की आमच्या वेळी वाड्यात काय खासगी होतं, कोण कधी आलं कधी गेलं सगळ्यांना माहीत. मी स्वतः शनिवार पेठेतल्या वाड्यात वीस वर्षं काढलीयेत म्हणून सांगते, खरंय, सगळ्यांना सगळं दिसायचं. पण ओट्यावर बसलेल्या आजी आपल्याकडे बघतायत हे आपल्याला दिसायचं, आपणही त्यांना बघायचो, त्यांच्या घरात काय चाललंय तेही आपल्याला ठाऊक असायचं, आणि त्या काही बोलल्याच तर आपली आई नळावर त्यांना उत्तर द्यायची. शिवाय चार दिवसांनी लोक विसरायचे. इथे काका तुला बघतायत हे तुला माहीतच नव्हतं, तुला काही काका दिसत नाहीत, आणि रात्री पाऊणचं ते फुटेज मागे नेऊन, थांबवून, मोठं करून परत परत बघता येतं. वाड्याचा दाखला इथे लागूच पडत नाही.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात, कारण मीटिंगमध्ये कोणीतरी विचारेलच. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. ती केस आधारवरून निघाली होती आणि नव्वदी ओलांडलेले निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी तिचे अर्जदार होते. त्या निकालात हक्काला हात लावायचा असेल तर काय काय बघायचं तेही आलंय: त्याला कायद्याचा आधार हवा, कारण योग्य हवं, आणि कारण जेवढं तेवढाच हात लावायचा, जास्त नाही. हे मुख्यतः सरकारला लागू, सोसायटी म्हणजे सरकार नाही हे बरोबर. पण शेवटचा जो मुद्दा आहे ना, कारणापुरतंच, तो मला कुठल्याही सोसायटीच्या मीटिंगमध्ये मोजपट्टी म्हणून वापरता येण्यासारखा वाटतो. चोरीसाठी गेटवर कॅमेरा हवा, कबूल. त्यासाठी कमिटीतल्या प्रत्येकाच्या मोबाईलवर चोवीस तास लाईव्ह चित्र कशाला हवं? याला उत्तर नाहीये त्यांच्याकडे.

दुसरा कायदा २०२३ चा, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या नियम आल्यापासून १८ महिन्यांनी लागू होणार. गेटवर अ‍ॅप वापरून दोनशे घरांची, पाहुण्यांची, कामगारांची माहिती गोळा करणारी सोसायटी या कायद्यातून सुटेल असं मला वाटत नाही. त्यात साधी गोष्ट आहे, माहिती कशासाठी घेताय ते आधी सांगा, त्याच कामाला वापरा, काम संपलं की पुसा, आणि माणसाने होकार मागे घेतला तर तोही होकार देण्याइतकाच सोप्या पद्धतीने घेता आला पाहिजे. माहिती सांभाळण्यात हयगय झाली तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो, अर्थात सोसायटीला कोणी तेवढा लावेल असं नाही, पण चेअरमनसाहेबांना आकडा ऐकू दे.

यापुढचं मात्र सावकाश वाच. तुझ्या पत्रातला सगळ्यात धोक्याचा शब्द मला 'मोबाईलवर' हा वाटला. कॅमेरे बसवणारा माणूस येतो, रेकॉर्डर लावतो, आणि जाताना सेक्रेटरी, चेअरमन, खजिनदार, अजून दोघंतिघं, सगळ्यांच्या फोनमध्ये अ‍ॅप टाकून एकच युजरनेम पासवर्ड देऊन जातो, आणि तो पासवर्ड बऱ्याचदा कंपनीचा असतो तोच. पुढे कमिटी बदलते पण अ‍ॅप जुन्यांच्या फोनमध्ये तसंच राहतं, कोणाची मुलं तो फोन घेतात, कोणाचा फोन दुरुस्तीला जातो. राजकोटचं प्रकरण आठवतंय का, फेब्रुवारी २०२५ मधलं? तिथल्या एका प्रसूतिगृहात तपासणीच्या खोलीतलं, बायकांचं फुटेज बाहेर फुटलं आणि टेलिग्रामवर पैसे घेऊन विकलं जात होतं. अटक झालेल्यांत आपल्या लातूरचा एक आणि सांगलीचा एक मुलगा होता. पासवर्ड कंपनीचाच, 'अ‍ॅडमिन' आणि पुढे आकडे अशा धाटणीचा, कोणी बदललेलाच नव्हता असं नंतर बातम्यांत आलं. मला ती बातमी वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही, कारण त्या बायका तपासून घ्यायला गेल्या होत्या गं, आणि कॅमेराही कोणीतरी सुरक्षेसाठीच लावला असणार. तेव्हा तुमच्या सोसायटीतला पुढचा चोर कदाचित गेटवरून येणारच नाही, तो रेकॉर्डरच्या पासवर्डातून येईल, आणि ६४ कॅमेऱ्यांत तो कुठेच दिसणार नाही. मीटिंगमध्ये इथूनच सुरुवात कर. तुझं आणि काकांचं प्रकरण काढू नकोस, ते काढलंस की लोक बाजू घेतात आणि मूळ गोष्ट राहून जाते. पासवर्ड कोणाकडे आहे, किती फोनमध्ये अ‍ॅप आहे, शेवटचा कधी बदलला, एवढे तीनच प्रश्न लेखी विचार. मंगळसूत्रवाल्या काकूसुद्धा ऐकतील, त्यांनाही नातवंडं, सुना असतीलच.

कोणी म्हणेल की सगळ्यांनी बघितल्यानेच तर सुरक्षा वाढते. यात थोडं तथ्य आहे म्हणून प्रामाणिकपणे सांगते. सीसीटीव्हीवर जगभर झालेल्या चाळीस वर्षांच्या अभ्यासांचा एकत्र आढावा २०१९ मध्ये निघाला होता, त्यात दिसलं की कॅमेऱ्यांमुळे गुन्हे सरासरी १३ टक्क्यांच्या आसपास कमी होतात, सगळ्यात जास्त फरक पार्किंगमध्ये पडतो, मारहाणीसारख्या हिंसक गुन्ह्यांवर म्हणावा तसा परिणाम दिसत नाही, आणि जिथे कोणीतरी सतत स्क्रीन बघत असतं तिथे फायदा जास्त. मग बघणारा ठेवा की! गेटच्या केबिनमध्ये, ड्युटीवर, पगारी, शिकवलेला माणूस, ज्याला गेट आणि पार्किंग एवढंच दिसेल आणि ज्याची शिफ्ट संपली की दुसरा येईल. घरी टीव्ही बघता बघता फोनवर लॉबी बघणारे काका म्हणजे सुरक्षा नाही, ते चोर आला तर पोचणारही नाहीत. आणि कॅमेरे पार्किंगमध्ये वाढवायचे असतील तर वाढवा, तिथे उपयोग आहे, मी तर तुझ्या जागी हा ठराव स्वतः मांडला असता.

ठरावात काय असावं. फुटेज कमिटीतला एक आणि कमिटीबाहेरचा एक सभासद, शक्यतो बाई, असे दोघं मिळूनच उघडतील. त्यासाठी एक साधी वही, तारीख, वेळ, कोणी मागितलं, कारण काय, कुठल्या कॅमेऱ्याचं किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, दोघांच्या सह्या. ती वही कुठल्याही सभासदाला बघता यावी. लाईव्ह चित्र फक्त केबिनमध्ये, सगळ्यांच्या मोबाईलमधून अ‍ॅप काढायचं, पासवर्ड बदलायचा आणि कमिटी बदलली की परत बदलायचा. फुटेज ३० दिवस ठेवा, मग आपोआप पुसलं जाऊ दे. १५ दिवस कमी पडतात, लोक गणपतीला कोकणात गेले आणि आल्यावर घर फुटलेलं कळलं तर तेवढे दिवस मागे जाता आलं पाहिजे, पण वर्षभराचं साठवून ठेवायला काही कारण नाही. कॅमेऱ्यात आवाज रेकॉर्ड होत असेल तर तो बंद. कोणाच्या दारात, खिडकीत, क्लबहाऊसच्या कपडे बदलायच्या खोलीकडे कॅमेऱ्याचं तोंड नको. फुटेजचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा नाही, अगदी कचरा कोणी टाकला ते दाखवायलासुद्धा नाही, कारण सवय तिथूनच लागते.

आणि पोलिसांना मात्र अडवायचं नाही. गुन्हा झाला असेल तर तपास अधिकारी नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली लेखी मागू शकतो, ते पत्र फाईलला लावा, वहीत नोंद करा आणि कॉपी द्या. कोर्टात ते टिकायला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं, पूर्वी ६५ब म्हणायचे ते. बघ ना, वही ठेवली, कोणी कधी उघडलं ते लिहिलं, तर ते फुटेज पुरावा म्हणूनही जास्त भक्कम होतं, नऊ जणांच्या फोनवर फिरलेल्या क्लिपपेक्षा. म्हणजे खासगीपणा आणि सुरक्षा एकमेकांच्या मुळावर आलेत असं जे आपण धरून चालतो ते इथे तरी खरं नाही, एकाच वहीने दोन्ही होतं.

एजीएम, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभा, ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते, नोटीस १४ दिवस आधी निघते, म्हणून विषयपत्रिकेत घालायचं पत्र सेक्रेटरीला त्याआधीच दे आणि पोच घे. तेवढं थांबायचं नसेल तर एक पंचमांश सभासदांच्या सह्या घेऊन विशेष सभा मागता येते, तुमच्याकडे म्हणजे चाळीस सह्या. अजून एक, शेअर सर्टिफिकेट काढून बघ, फ्लॅट दोघांच्या नावावर असला तरी मत पहिल्या नावाला असतं. पहिलं नाव नवऱ्याचं असेल तर 'सोड ना' म्हणणाऱ्या नवऱ्याला आधी तयार करावं लागेल.

चेहऱ्याच्या मशीनचं मात्र माझं मत सरळ आहे, घेऊ नका. दोनशे घरांच्या गेटला त्याची गरज नाही, कार्ड किंवा इंटरकॉमवर विचारून सोडणं पुरतं. ही यंत्रं चुकतात आणि सगळ्यांच्या बाबतीत सारखी चुकत नाहीत. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या जॉय बुओलाम्विनी या संशोधक बाईने सहकाऱ्याबरोबर तीन कंपन्यांची सॉफ्टवेअर तपासली होती, चेहऱ्यावरून बाई की पुरुष एवढंच ओळखायचं होतं, तर गोऱ्या पुरुषांत शंभरात एकसुद्धा चूक नाही आणि सावळ्या-काळ्या बायकांत काही सॉफ्टवेअरची चूक ३४ टक्क्यांपर्यंत. त्यानंतर सॉफ्टवेअर सुधारलीयेत, पण अमेरिकेत डेट्रॉईटच्या पोलिसांनी जानेवारी २०२० मध्ये एका माणसाला मशीनने चेहरा जुळवला एवढ्यावर घड्याळं चोरल्याबद्दल बायकोमुलींसमोर पकडून नेलं, आणि चोर तो नव्हताच. दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये माहिती अधिकारात सांगितलं की चेहरा ८० टक्क्यांच्या वर जुळला की ते जुळलं असं धरतात. पोलिसांची ही गत, तर तुमच्या सोसायटीला कुठल्यातरी विक्रेत्याने विकलेल्या मशीनचं काय.

आणि चुकलं तर गेटवर थांबणार कोण, तू नाही, कामाला येणाऱ्या ताई थांबणार. त्यांचं काम चार घरचं असतं, पंधरा मिनिटं गेटवर गेली की पुढची सगळी घरं कोलमडतात आणि बोलणी त्याच खातात. रेशन दुकानात काय होतं ते त्यांना विचार, भांडी घासून घासून बोटांचे ठसे गेलेले असतात, मशीन अंगठा घेत नाही, परत या म्हणतात. तोच प्रकार आता कामाच्या गेटवर. शिवाय त्या नाही म्हणणार कशा, नाही म्हटलं तर काम जातं, त्या होकाराला होकार म्हणायचं का? आधारची सक्ती तर करूच नका. खासगी संस्थांना आधारचा हट्ट धरायला २०१८ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने नाही म्हटलंय, पुढे २०१९ ला कायद्यात बदल झाला तोही स्वतःहून दिलं तर, एवढाच. मतदार कार्ड, पॅन, काहीही एक ओळखपत्र बघा, पोलीस व्हेरिफिकेशन करून घ्या, पण आधारच्या झेरॉक्स वॉचमनच्या ड्रॉवरमध्ये पडलेल्या मी स्वतः बघितल्यात, त्या काय कामाच्या. आणि जी काही माहिती घ्याल त्याची सूचना त्यांना मराठीत द्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. २०२३ च्या डेटा कायद्यात राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत सूचना मागायची सोय आहे, मराठी त्यात आहेच. हा मुद्दा मीटिंगमध्ये तू मांड, कारण त्या ताई सभासद नाहीत, तिथे त्यांना कोणी बोलवणार नाही.

समोरच्या दाराचं. इथे कायद्याची भाषा लगेच काढू नकोस. स्वतःच्या घरापुरतं कोणी कॅमेरा लावला तर २०२३ चा कायदा बहुधा तिथे लागू होत नाही, घरगुती वापराला सूट आहे. कलकत्ता हायकोर्टाने २०२५ मध्ये एकाच घरात राहणाऱ्या भावांच्या भांडणात, सगळ्यांच्या होकाराशिवाय राहत्या भागात कॅमेरा चालवू नका असं सांगितलं आणि सुप्रीम कोर्टाने त्यात हात घातला नाही, पण ते एका घराबद्दल होतं, तुमच्या पॅसेजला ते जसंच्या तसं लावता येईल असं मी म्हणणार नाही. तू सरळ त्यांच्याकडे चहाला जा आणि तुमच्या फोनवर चित्र काय दिसतं ते बघू म्हण. बहुतेक वेळा लोकांनी स्वतःच नीट बघितलेलं नसतं. तुमचं दार उघडलं की हॉल दिसतोय हे त्यांना दाखव, कॅमेरा दोन बोटं वळवला की त्यांचा उंबरा आणि लिफ्ट दिसेल, तुमचा हॉल नाही. बऱ्याच अ‍ॅपमध्ये ठरावीक भाग काळा करायची सोयही असते. वर्षानुवर्षं समोरासमोर राहायचंय, हे गोडीत होत असेल तर गोडीतच कर. नाहीच ऐकलं तर पॅसेज सगळ्यांचा आहे, तिथलं काय दिसावं हे सोसायटीने ठरवावं म्हणून तोच ठराव वापर.

त्या काकांचं काय करायचं हे तू विचारलं नाहीस, पण सांगते. एकदा, नवऱ्याला बरोबर घेऊन, त्यांच्या घरी जाऊन, आवाज न चढवता सांगायचं, काका तुम्ही फुटेज बघून घरात सांगितलंत ते आम्हाला आवडलं नाही, परत असं करू नका. बास. सारवासारव करतील, करू दे. परत केलं तर मात्र तारीखवार लिहून ठेव आणि कमिटीला लेखी दे. बाईच्या खासगीपणात घुसण्याबद्दल न्याय संहितेत कलम ७९ आहे, पण ते त्यांचा हेतू तुला अपमानित करायचा होता हे दाखवता आलं तर, त्यामुळे पहिल्याच फटक्यात पोलीस स्टेशन नको. पाठलाग किंवा कोणी मुद्दाम तुझ्यावर पाळत ठेवतंय असं वाटलं तर मात्र थांबू नकोस, ते वेगळं.

आणि घरातली शांतता. मला वाटतं सासूबाई बोलल्या नाहीत त्याचा अर्थ तू धरतेस तो नसेलही. त्या तुला बोलल्या नाहीत तशा मुलालाही काही बोललेल्या दिसत नाहीत, नाहीतर नवऱ्याने विचारलंच असतं. कदाचित त्यांनाच त्या काकांचं बोलणं लागलं असेल आणि तुला कसं सांगावं कळत नसेल. आमच्या पिढीच्या बायकांना हे जमत नाही गं, आम्ही गप्प बसायला शिकलो. तूच एका रविवारी भाजी निवडताना म्हण, आई, त्या रात्री कॅब आली नाही, अमुक मुलाने सोडलं, मला एकटीला रिक्षाने यायची भीती वाटली. स्पष्टीकरण देतेय असा सूर नको, झालेली गोष्ट सांगतेय असा सांग. आणि पुढच्या वेळी उशीर झाला तर त्यांना एक फोन कर, त्यांच्या परवानगीसाठी म्हणून नाही, आपलं माणूस रात्री रस्त्यावर आहे हे घरी कोणाला तरी माहीत हवं म्हणून. ते तू स्वतः सांगितलेलं असेल, कॅमेऱ्याने नाही.

सासऱ्यांसाठी मात्र कॅमेऱ्यावर विसंबू नकोस, फुटेज बघेपर्यंत माणूस हायवेला पोचतो. त्यांच्या प्रत्येक शर्टाच्या आत एक पट्टी शिवून घे, नाव आणि तुझा नि नवऱ्याचा फोन नंबर. मुख्य दाराला वरच्या बाजूला एक कडी लाव आणि दार उघडलं की वाजेल अशी छोटी घंटा, हार्डवेअरच्या दुकानात मिळते. दोन्ही गेटच्या वॉचमनना, दिवसाच्या आणि रात्रीच्या, त्यांना घेऊन जाऊन भेटव, नाव सांग, एकटे दिसले तर बोलत बोलत थांबवून ठेवा आणि आम्हाला फोन करा म्हण. कोपऱ्यावरच्या दूधवाल्यालाही सांग, पहाटे तोच जागा असतो. आणि नवीन वॉचमन आला की परत जाऊन सांगायचं, ते लक्षात ठेव.